कड्यावरचं ‘येतो’

मी गाडी उत्तम चालवतो. हे वाक्य मी नम्रपणे लिहिलंय, पहिल्या मसुद्यात ‘अप्रतिम’ होतं.

चव्वेचाळीस वर्षांत माझ्या हातून एकही अपघात झालेला नाही. जे काही झाले ते खांबांच्या हातून झाले. खांब हा मोठा उतावळा प्राणी आहे. आपण आरशात बघून, हॉर्न देऊन, सावकाश मागे येत असतो आणि हा पठ्ठ्या नेमका त्याच क्षणी मध्ये येतो!

हे मी घरात अनेकदा समजावून सांगितलं. पण आमची कन्या विमा कंपनीत सर्व्हेअर आहे. चेपलेल्या गाड्या बघत दिवसभर हिंडायचं आणि गाडीवाला कुठे खोटं बोलतोय ते लिहून काढायचं, हा तिचा पोटापाण्याचा उद्योग. घरातच न्यायाधीश जन्माला यावा, तसं आमचं झालंय. तिसऱ्या खांबानंतर ती जेवणाच्या टेबलावर एक छापील कागद घेऊन बसली. त्यावर गाडीचं चित्र होतं आणि चित्रावर लाल फुल्या.

“बाबा, हा मागचा बंपर. हा डावा दरवाजा. आणि हा आरसा. म्हणजे आरसा होता ती जागा.”

“खांब मध्ये आला.”

“तिन्ही वेळा?”

“तिन्ही एकाच पार्किंगमधले होते. त्यांचं आपसात ठरलेलं असणार.”

ती हसली नाही. विम्याच्या माणसांना हसायची परवानगी नसते बहुतेक.

“तुम्ही एकोणसत्तर वर्षांचे आहात, बाबा. उद्या खांबाऐवजी माणूस असेल. किल्ली द्या.”

वाचकहो, मी जन्मभर एका साप्ताहिकात तिरकस सदर लिहिलं. मोठमोठ्या माणसांनी मला लेखणी खाली ठेवायला सांगितलं, मी ठेवली नाही. आणि आता ही पोर माझी किल्ली मागत होती! मी मदतीसाठी बायकोकडे पाहिलं. ती शांतपणे काकडी चिरत होती.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो. गाडी चालवायचा परवाना हिच्याकडेही आहे. आम्ही दोघांनी एकाच दिवशी परीक्षा दिली. ती पहिल्या फेरीत पास झाली आणि मी तिसऱ्या, पण तो तपशील गौण आहे. पुढे गाडी तिच्या हातात द्यायचा योगच आला नाही. दर वेळी बघावं तर चालकाच्या जागेवर मीच बसलेलो असायचो.

त्याच आठवड्यात पेपरच्या पुरवणीत एक फोटो आला होता. डोंगरावर जीप चालवायची खास वाट! चौदा किलोमीटर! ओढे, दगड, चिखल, कडा! फोटोतली जीप तीन चाकांवर उभी होती आणि चौथं चाक हवेत टाटा करत होतं. खाली लिहिलं होतं की फेरी पूर्ण करणाऱ्याला प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावर दोनांपैकी एक शिक्का बसतो. ‘विनामदत’ किंवा ‘मदतीसह’.

मी खुर्चीवरून उठलो. पैज लावताना माणसाने उभं असावं.

“ठरलं! ‘विनामदत’ शिक्का आणला तर किल्ली माझी, यापुढे कुणी विषय काढायचा नाही. ‘मदतीसह’ आला तर किल्ली तुझी. कायमची!”

“कायमची?” कन्येने विचारलं.

“कायमची!”

“तोंडात घास असताना ओरडू नये,” ही म्हणाली.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. आम्ही तिघं आणि चौथे आमचे मेहुणे. हे हिचे धाकटे भाऊ, निवृत्त ड्रॉइंगमास्तर. डोंगरमाथ्यावर तळं आहे असं कळल्यापासून त्यांनी मासेमारीचा ध्यास घेतला होता. आजवर त्यांनी मासा धरलेला नव्हता, पण तयारी अशी की मासा बघूनच शरण यावा. दोन गळ, एक जाळी, घडीची खुर्ची आणि डोक्यावर भडक पिवळी कापडी टोपी. टोपीला चहूबाजूंनी रंगीत पिसांचे आकडे टोचलेले. लांबून बघितलं तर एखादं आजारी कोंबडं डोक्यावर बसवल्यासारखं दिसायचं.

पायथ्याशी लाकडी कचेरी होती. बाहेर चिखलाने माखलेल्या भाड्याच्या जीपा रांगेत उभ्या होत्या. आत टेबलावर वॉकीटॉकीचा खोका, दोन शिक्के, शाईची पेटी आणि यांच्या मागे कंट्रोलबाई. सगळे त्यांना ‘कंट्रोल’ म्हणत. पूर्वी शाळेत पी.टी. शिकवायच्या. गळ्यातली शिट्टी अजून उतरलेली नव्हती आणि आवाजही.

“काका, नीट ऐका. पहिले बारा किलोमीटर जंगलातून. मग दीड किलोमीटर कडा. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काही नाही.”

“काही नाही म्हणजे?” मेहुण्यांनी विचारलं.

“काही नाही म्हणजे काही नाही. कड्यावर एकाच गाडीची जागा. म्हणून कड्यावर शिरायच्या आधी मला वॉकीटॉकीवर सांगायचं, ‘येतो’. मी म्हणणार, ‘या’. मी ‘या’ म्हटलं की दुसऱ्या टोकाच्या सगळ्या गाड्या थांबतात. तुम्ही ‘पोचलो’ म्हणाल, मग त्या सुटतील. तीन शब्द. येतो, या, पोचलो. चौथा शब्द नको.”

“मी लेखक आहे, बाई. तीन शब्दांत माझं कसं भागणार?”

“तीनच.”

“पण वर जाताना ‘येतो’ कसं? ‘जातो’ म्हणायला हवं ना?”

कंट्रोलबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. “कड्यावर कुणी ‘जातो’ म्हणतं का, काका? ऐकायलाही बरं वाटत नाही. आमच्याकडे वर जाणाराही ‘येतो’ आणि खाली येणाराही ‘येतो’.”

हे हिला फार पटलं. ती म्हणाली, “बघा. सुशिक्षित माणसं आहेत.”

कन्या म्हणाली, “मी इथेच बसते. गाड्या वर जाताना मला बघवत नाहीत. माझा संबंध त्यांच्याशी नंतर येतो.” आणि ती शिक्क्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसली, दोन्ही शिक्क्यांवर समान नजर ठेवून.

काय सांगू तुम्हाला! सुरुवातीलाच ओढा! मी जीप पहिल्या गिअरमध्ये घातली आणि पाण्यात लोटली. दोन्ही बाजूंनी पाण्याचे पंखे उभे राहिले, गाडी पाणघोड्यासारखी फुरफुरली आणि पलीकडे निघाली! मी एवढ्या जोरात “हुर्रे!” ओरडलो की झाडावरचे बगळे उडाले.

“काच वर घ्यायची राहिली होती,” ही म्हणाली आणि रुमाल पिळला.

मग दगडांच्या पायऱ्या! एकेक दगड माठाएवढा! पुढचं चाक चढायचं, मागचं विचार करायचं, मग तेही चढायचं. जीप डावीकडे कलली की मेहुणे हिच्या अंगावर आणि उजवीकडे कलली की जाळी मेहुण्यांच्या अंगावर. एका चढावर तर समोर फक्त आभाळ दिसत होतं. मी एकोणसत्तर वर्षांचा नव्हतोच, वाचकहो! मी फार तर एकोणीस होतो! स्टिअरिंग हातात नाचत होतं, सीटखालून डोंगर ढुशा देत होता आणि एकाही झाडाने मध्ये यायची हिंमत केली नाही. एकाही!

कड्याच्या तोंडाशी मी थांबलो, वॉकीटॉकी तोंडाशी धरली आणि खणखणीत आवाजात म्हणालो, “येतो!”

“या!”

कडा म्हणजे डोंगराच्या कमरेला बांधलेली नाडी. डावीकडे काळा खडक आणि उजवीकडे खरोखरच काही नाही. त्या काही नाहीमध्ये खाली, फार खाली, झाडं कोथिंबिरीसारखी दिसत होती. मी श्वास रोखला, हिनेही रोखला. वाऱ्याने मात्र रोखला नाही. एक झोत आला आणि मागून किंकाळी उठली.

“टोपी! भाऊजी, माझी टोपी! थांबा!”

आरशात एक पिवळी वस्तू दरीत तरंगत जाताना दिसली.

“थांबलो तर मागे यावं लागेल, मागे आलो तर मदत लागेल! टोपीला नमस्कार करा!”

“अहो, आकडे सगळे तिलाच होते!”

“मासा दयाळू असेल तर आकड्याशिवाय येईल!”

आणि बाराव्या मिनिटाला आम्ही माथ्यावर होतो! केवढं पठार! मधोमध निळंशार तळं, त्यात दोन वल्ह्यांच्या होड्या. काठाने लाल-हिरवे तंबू. एकीकडे सायकलवाल्यांची वळणावळणाची पायवाट आणि टोकाला लोखंडी खांबावर बसवलेली मोठी दुर्बीण. त्या खांबापासून मी जीप लांब उभी केली. उगाच परीक्षा कशाला बघा!

मी वॉकीटॉकी उचलली. “पोचलो!”

“शाब्बास, काका! पहिल्यांदा चालवताय असं वाटत नाही. आत्तापर्यंत विनामदत!”

आता पी.टी.च्या बाईंनी शाब्बास म्हटल्यावर माणूस तीन शब्दांत कसा राहणार? शाळेत मला कुठल्याही पी.टी.च्या बाईंनी शाब्बास म्हटलं नव्हतं. मी सुटलो. देखाव्याचं वर्णन केलं, ओढ्याचं केलं, आता आम्ही डबा खाणार, मेहुणे गळ टाकणार, दोन तास निवांत बसणार, असा सगळा कार्यक्रम सांगितला. हे सांगताना साहजिकच हातवारे केले. बोलताना बटण दाबून धरावं लागतं, हे हातवाऱ्यांच्या भरात राहून गेलं. त्यामुळे पायथ्याला यातलं काहीच पोचलं नाही. शेवटी बटण पुन्हा दाबलं गेलं तेव्हा मी समारोपाला आलो होतो. आणि समारोपाला मी तेच म्हणालो, जे आयुष्यभर फोन ठेवताना आणि कुणाच्याही दारातून निघताना म्हणत आलोय.

“बरं, येतो!”

त्यावर कंट्रोलबाईही तेच म्हणाल्या, जे कुठलंही भलं माणूस म्हणेल.

“या!”

झालं. एका सभ्य माणसाने निरोप घेतला आणि एका सभ्य बाईने कडा बंद केला.

आम्हाला याचा पत्ता नव्हता. आम्ही तळ्याकाठी चादर पसरली. सँडविच काढली, उकडलेली अंडी सोलली. मेहुण्यांनी खुर्ची उघडली आणि हिच्या केसांतली पिन मागून घेऊन तिचा आकडा केला. पाच मिनिटांनी वॉकीटॉकी खरखरायला लागली.

“भाऊजी, ते बंद करा. मासे बिचकतात.”

“कंट्रोलबाई काही म्हणत असतील.”

“पोचलो म्हणून सांगितलंत ना? आता काय उरलंय? तो बघा, एक मासा थबकलाय!”

माशासाठी मी वॉकीटॉकी बंद केली.

पुढचं मला नंतर, अनेक लोकांकडून, अनेक आवाजांत ऐकायला मिळालं. खाली कड्याच्या तोंडाशी पहिली गाडी थांबली, ती एका दातांच्या डॉक्टरांची. तिच्यामागे दुसरी, तिसरी, असं करत अकरा गाड्या आणि मागे सायकलवाले. पंधरा मिनिटं झाली. कंट्रोलबाई म्हणाल्या, “सावकाश उतरत असतील.”

कन्या म्हणाली, “बाबा सावकाश काहीच करत नाहीत.”

वीस मिनिटं. “काका, उत्तर द्या. काका, कुठे आहात?” वॉकीटॉकीत नुसती शांतता. पंचविसाव्या मिनिटाला कंट्रोलबाईंनी शिट्टी फुंकली. नारिंगी जाकीटं निघाली, दोर निघाले, दोन स्ट्रेचर आणि गाडी ओढून काढायची तार लावलेली जीप निघाली. रांगेतली माणसंही उतरली आणि एकूण तेवीस जण कड्याने चालत, दरीत वाकून बघत वर यायला लागले. निम्म्या वाटेवर एकाने ओरडून सांगितलं, “खाली झुडपात काहीतरी पिवळं आहे!”

कंट्रोलबाईंनी वॉकीटॉकीवर विचारलं, “पिवळं म्हणजे काय?”

“टोपी दिसतेय. पिसं लावलेली.”

कन्या उठून उभी राहिली. “मामाची,” एवढंच म्हणाली आणि पुन्हा खाली बसली.

दातांचे डॉक्टर स्वभावाने चांगले. रांगेतला आपला नंबर सोडून ते तिला धीर द्यायला कचेरीपर्यंत गाडीने मागे आले होते. ते हळूच म्हणाले, “काळजी करू नका. अगदीच वेळ आली तर दातांवरून ओळख पटवता येते.” कंट्रोलबाईंनी त्यांना बाहेर काढलं.

इकडे वर ही दुर्बिणीशी गेली होती. पक्षी बघायला.

“अहो, जरा या इकडे. कड्यावर माणसं लोंबतायत.”

मी दुर्बिणीला डोळा लावला. खरंच की! दोरावर एक जण उतरत होता आणि वर पाच-सहा जण दोर धरून.

“साहसी खेळ असणार! काय धाडस आहे बघ!” मी टाळ्या वाजवल्या. “वा! अजून खाली! शाब्बास!”

“खेळाला स्ट्रेचर कशाला लागतं?”

मी पुन्हा पाहिलं. स्ट्रेचर होतं. दोन होती.

“अगं, कुणीतरी गेलं वाटतं खाली!”

“अरे देवा. आपल्या मागून कुणी आलं असेल.”

वाचकहो, माझ्यात अनेक दोष असतील, पण अशा वेळी मी चादरीवर बसून अंडी खाणारा माणूस नाही. मी जीपमधला दोर खांद्यावर टाकला, प्रथमोपचाराची पेटी काढली. जीप नेली तर वाट अडेल, म्हणून पायीच निघालो. मेहुणेही मासा सोडून माझ्यामागून आले, घडीची खुर्ची घेऊन. जखमीला बसवायला.

कड्याच्या वरच्या टोकाला एक नारिंगी जाकीटवाला भेटला. घामाघूम झालेला. दोन्ही हात दोराने सोललेले आणि तोंडाशी वॉकीटॉकी, तो खाली काहीतरी कळवण्याच्या बेतात होता. माझा दोर बघून त्याला हायसं वाटलं.

“बरं झालं आलात. माणसं कमीच पडतायत.”

“कोण पडलंय हो?”

“एक म्हातारे गृहस्थ. जीपसकट. बरोबर आणखी दोघं. पहिल्यांदाच चालवत होते म्हणे.”

“काय वय असेल?”

“सत्तरीला आलेले.”

मी पेटी खाली ठेवली. मला दुःख झालं, आणि दुःख झालं की मी बोलतो. “तुम्हाला सांगतो, राग नका मानू, पण या वयात कड्यावर गाडी चालवायची हौस कशाला हवी? नजर मंदावलेली, पाय ब्रेकवर वेळेत पडत नाही. पण ऐकतील तर शपथ! हेकट असतात ही माणसं. आपल्याला सगळं येतं! वर दोन निष्पाप जीव शेजारी बसवायचे! खरं सांगू? चूक मुलांची. अशा माणसाच्या मुलांनी वेळीच किल्ली काढून घ्यायला हवी. गोडीने देत नसेल तर हिसकावून घ्यायची!”

“बरोबर बोललात,” जाकीटवाला म्हणाला.

“अगदी बरोबर,” मागून मेहुणेही म्हणाले.

जाकीटवाल्याचा अंगठा एवढा वेळ बटणावरच होता, हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही. बटण दाबून धरण्यात तो तरबेज होता. माझं भाषण, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, खालच्या कचेरीत, कड्यावरच्या बावीस जणांच्या खांद्यांवर आणि अकरा गाड्यांत लख्ख ऐकू गेलं होतं. त्याने अंगठा उचलला. वॉकीटॉकीतून क्षणभर खरखर आली आणि मग एक आवाज.

“बाबा?”

कुणाच्या तरी मुलीने हाक मारलीय, बिचारीचे वडील असणार, असं मनात येऊन मला गलबलून आलं. मी मागे वळून पाहिलं. मागे मेहुणे सोडून कुणी नव्हतं आणि त्यांना अपत्य नाही.

“बाबा, तुम्हीच आहात ना? बोला ना!”

जाकीटवाल्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या पिकलेल्या मिशांकडे पाहिलं, मेहुण्यांच्या उघड्या डोक्याकडे पाहिलं. मग वॉकीटॉकी माझ्यापुढे धरली. बटण त्यानेच दाबलं.

“हो,” मी म्हणालो. “मीच.”

“कुठे होतात तुम्ही?”

“तुझा मामा मासे धरत होता.”

वॉकीटॉकीतून हुंदका आला की हसू आलं, मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही एकदम आलं. मग कंट्रोलबाईंचा आवाज आला आणि मी इयत्ता चौथीत गेलो.

“काका! तुम्ही ‘येतो’ म्हणालात!”

“म्हणालो. म्हणजे निघतो या अर्थाने ‘येतो’! कुणी निघताना ‘जातो’ म्हणतं का, बाई? तुम्हीच म्हणालात ना, ऐकायला बरं वाटत नाही!”

कड्यावर दोराला लोंबणारा माणूस खदखदून हसायला लागला आणि त्याच्या हातात मेहुण्यांची टोपी होती.

सगळी माणसं खाली गेल्यावर मी जीपमध्ये बसलो. वॉकीटॉकी दोन्ही हातांनी धरली.

“बाई, येतो.”

“नक्की काय, काका? येताय की जाताय?”

“येतोय. गाडीत बसून. आत्ता. कड्याने. खाली.”

“या.”

आणि वाचकहो, खाली मी जी जीप आणली, तशी त्या वाटेवर कुणी आणली नसेल! एक खडा हलला नाही! कड्याच्या तोंडाशी अकरा गाड्या रांगेत आणि माणसं बॉनेटवर चढून बघत होती. कुणी टाळ्या वाजवत होतं, कुणी बोट दाखवून पोरांना सांगत होतं, “ते बघ, तेच.” दातांचे डॉक्टर परत आपल्या नंबरावर येऊन उभे होते. त्यांनी हात हलवला. मी तोंड मिटून घेतलं.

कचेरीत शिक्क्याचा प्रश्न निघाला. जाकीटवाला म्हणाला, “तेवीस माणसं, दोन स्ट्रेचर आणि शंभर मीटर दोर. ‘मदतीसह’च बसणार.”

कंट्रोलबाईंनी दोन्ही शिक्के हातात घेतले. माझं सगळं आयुष्य त्या दोन लाकडी मुठींवर लोंबकळत होतं.

“मदत गेली हे खरं,” त्या म्हणाल्या. “पण यांनी ती घेतली कुठे? उलट हेच स्वतःच्या मदतीला दोर घेऊन आले. नियम म्हणजे नियम.” आणि ठप्! ‘विनामदत’!

जिंकलो! मी कागद उंच धरला! विनामदत! लाल, ओला, ठसठशीत! मी वळून कन्येकडे पाहिलं.

ती टोपी मांडीवर घेऊन बसली होती. एकेक आकडा काढून ओळीने टेबलावर ठेवत होती. डोळे लाल होते. मला बघून ती उठली आणि कामाच्या आवाजात म्हणाली, “अट ती अट, बाबा. किल्ली तुमची. मी पुन्हा विषय काढणार नाही.”

एवढंच. ते भाषण ऐकलंय, असंही ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर मी वाद घातला असता. वाद मला चांगला घालता येतो. तिने हात मागे बांधले.

मी खिशातून आमच्या गाडीची किल्ली काढली.

“घे.”

“पण शिक्का…”

“शिक्का राहू दे. मी एका फार अनुभवी माणसाचं मत ऐकलंय. गोडीने द्यावी म्हणतात.”

तिने हात पुढे केला. किल्ली तिच्या तळव्यावर अशी खुळखुळायला लागली की जाकीटवालाही वळून बघायला लागला. त्या हातांनी ती गाडी कुठली चालवणार! आणि मी तर आत्ताच निवृत्त झालो होतो. आम्ही बापलेक एकमेकांकडे बघत उभे राहिलो.

मधून एक हात आला आणि त्याने किल्ली उचलली.

“सरका दोघं,” ही म्हणाली. “आणि मागे बसा. मासे बघणाऱ्याला पुढे बसवा, त्याला गाडी लागते.”

पार्किंगमधून बाहेर पडायला दोन खांबांच्या मधून मागे यायचं होतं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा आम्ही रस्त्यावर होतो! एका झटक्यात! खांब दोन्ही जागच्या जागी उभे, कुणी मध्ये आलं नाही! चव्वेचाळीस वर्षांनंतर पहिल्यांदा चालवताना तिने फक्त एवढंच केलं, सीट पुढे ओढली.

निघताना कंट्रोलबाई दारात आल्या. मी काच खाली घेतली. “बरं बाई, ये—”

“काका!” कचेरीतून, जीपांमधून, सायकलवाल्यांतून एकच आरोळी उठली.

“जातो,” मी घाईघाईने म्हणालो.

हिने करकचून ब्रेक लावला. “काहीतरी अभद्र बोलू नका. येतो म्हणा.”

प्रमाणपत्र आता दिवाणखान्यात, काचेत लावलंय. कड्याच्या तोंडाशी तीन शब्दांचा नवीन फलक लागलाय असं ऐकतो. तो कुणामुळे लागला, हे आमच्या घरात बोललं जात नाही. हिने गाडी जी हातात घेतली ती घेतलीच. रोज सकाळी ती भावाला घेऊन कुठल्या ना कुठल्या तळ्यावर जाते. मासा अजून मिळालेला नाही. निघताना खिडकीतून हात हलवते आणि म्हणते, “येते हं!”

मी गॅलरीतून म्हणतो, “ये!”

मग तास जातो, दीड तास जातो. कन्येने मला बजावून ठेवलंय, “बाबा, आईने ‘येते’ म्हटलं की ती जाते. लगेच दोर घेऊन खाली उतरायचं नाही.”

मी उतरत नाही. फक्त दोर दाराशी ठेवतो.